मूर्ति आणि मंचक

इटलींतील नेपल्स शहराच्या पुराणवस्तुसंग्रहालयांत हस्तिदंताची एक लहानशी स्त्रीमूर्ति जतन केलेली आहे. तिची उंची सुमारें २४ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ वीतभर. अंगावर वस्त्र नाहींच म्हटलें तरी चालेल; अलंकार मात्र पुष्कळ. हातांत कांकणांची दाटी, पायांत जड तोड्यांच्या चळती, कमरेस मेखला, पाठीवर लांब वेणी. एक पाय दुसऱ्यावर किंचित् आडवा टाकून ती सहज उभी आहे, आणि तिच्या दोन बाजूंस प्रसाधनाचें साहित्य घेतलेल्या दोन चिमुकल्या दासी आहेत. १९३८ सालीं अमेदेओ मायुरी या इटालियन पुराणवस्तुशास्त्रज्ञाच्या देखरेखीखालीं पाँपेई येथें चाललेल्या खोदकामांत ती मिळाली. पाँपेई हें शहर इ. स. ७९ मध्यें व्हेसूव्हिअस ज्वालामुखीच्या राखेखालीं गडप झालें. अर्थात् ही मूर्ति त्यापूर्वींच घडविलेली व समुद्रापलीकडे पोंचलेली असली पाहिजे. तिचें रूप निःसंशय भारतीय असल्यामुळें प्रथम तिला लक्ष्मी म्हटलें गेलें, आणि तेंच नांव रूढ झालें.

परंतु या लक्ष्मीच्या मस्तकापासून खालीं एक उभें भोंक पाडलेलें आहे. पूजेच्या मूर्तीस असें भोंक कोणी पाडीत नाहीं. त्यांत एखादी दांडी बसत असावी हें उघड आहे; मग ती दांडी कशाची, हा प्रश्न उरतो. कांहींच्या मतें ही आरशाची मूठ होय. दुसरें मत असें, कीं हा एका लहान टेबलाचा पाय होय. अशा तीन मूर्ति उभ्या करून त्यांच्या मस्तकांवर वाटोळी फळी बसविली, कीं एक सुबक तिवई तयार होते. हें दुसरें मत खरें असेल तर दोन हजार वर्षांपूर्वींच्या भारतीय घरांतील, किंवा भारतांतून परदेशीं गेलेल्या, सामानाचा एक पाय आज मनुष्यरूपानें आपल्यापुढें उभा आहे.

लक्ष्मीला टेबलाचा पाय करावें, हा विचार कोणाही गृहस्थाच्या मनास खटकेल. तिच्या हातीं कमळ नाहीं, शेजारीं गज नाहींत. म्हणून पुष्कळ अभ्यासक आतां तिला लक्ष्मी न म्हणतां यक्षी म्हणतात. त्यानें खटका थोडा कमी होईल. परंतु मूळ प्रश्न राहतोच. मनुष्याच्या देहाला सामानाचा भार उचलावयास लावणें हा त्या देहाचा गौरव कीं अवहेलना? आणि पलंग, चौरंग, खुर्ची या वस्तूंना मूर्तिकलेपासून खरोखर कांहीं घेण्यासारखें आहे काय?

या प्रश्नांशीं वऱ्हाडचा संबंध काय, असें कोणी विचारील. बुलढाणा जिल्ह्याच्या शिवेस लागून असलेल्या जालना जिल्ह्यांत भोकरदन हें गांव आहे. त्याचें प्राचीन नांव भोगवर्धन. सांचीच्या स्तूपास दान देणाऱ्यांत भोगवर्धनचे लोक होते, हें तेथील लेखांवरून कळतें. तसेंच भरहुतच्या स्तूपाच्या दात्यांत भोजकटची एक भिक्षुणी आहे, आणि भोजकट म्हणजे अमरावतीजवळील भातकुली असें मानलें जातें. तेव्हां मध्य हिंदुस्थानांत शिल्पाचें मोठें काम चालूं असतां वऱ्हाड व त्याच्या शेजारचा मुलूख त्यापासून अलिप्त नव्हता. १९७३ सालीं नागपूर विद्यापीठ आणि तेव्हांचें मराठवाडा विद्यापीठ यांनीं मिळून भोकरदनचें उत्खनन केलें. (अमरावती-अकोल्याचीं महाविद्यालयें त्या काळीं नागपूर विद्यापीठासच जोडलेलीं होतीं, अमरावतीचें स्वतंत्र विद्यापीठ झालें तें १९८३ सालीं.) त्या उत्खननांत हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ति निघाली, ती पाँपेईच्या मूर्तीची सख्खी बहीण शोभावी अशा घडणीची आहे. धाराशिव जिल्ह्यांतील तेर येथेंही याच कुळांतील एक हस्तिदंती मूर्ति सांपडली. तेर म्हणजेच जुन्या ग्रीक वृत्तांतांतील तगर. तेथून व पैठणहून माल गाड्यांत भरून भडोचच्या बंदराकडे जात असे, असें तो वृत्तांत सांगतो. भडोचहून पुढें तांबडा समुद्र आणि रोम.

म्हणूनच पाँपेईची मूर्ति भोकरदनच्या बाजूस घडली असावी, असें कांहीं मान्यवर अभ्यासकांनीं सुचविलें. या अनुमानास एक अडचण आहे. तिच्या बैठकीवर खरोष्ठी लिपींतील एक अक्षर कोरलेलें आहे, आणि खरोष्ठी ही वायव्य सरहद्दीकडची लिपि. दक्षिणेंत ब्राह्मी चालत असे. परंतु एकट्या अक्षरावरून जन्मगांव ठरविणें धाडसाचें होईल. सुटे भाग जोडतांना चूक होऊं नये म्हणून सुतार आजही चौकटीवर खुणा करतो. कोणत्या गांवीं, कोणाच्या हातून ती जोडणी झाली, एवढेंच कदाचित् तें अक्षर सांगत असेल. माप घेऊन पाहिलें तर पारडें भोकरदनकडे झुकतें. खटला मात्र निकालांत निघालेला नाहीं.

अशी मूर्ति एकटीदुकटी नव्हती, याचा भक्कम पुरावा अफगाणिस्तानांत मिळाला. काबूलच्या उत्तरेस बेग्राम येथें १९३७ व १९३९ सालीं जोसेफ हॅकिन व त्यांची पत्नी रिया या फ्रेंच दांपत्याच्या देखरेखीखालीं दोन खोल्या उघडल्या गेल्या. आंत हस्तिदंताच्या व हाडाच्या कोरीव पट्ट्यांचा खच पडलेला होता. ज्या लांकडावर त्या बसविलेल्या होत्या तें लांकूड केव्हांच मातीस मिळालें होतें. उरलें तें त्याचें हस्तिदंती आवरण. आसनें, पाठी, पेट्या, पावले अशा सामानाचें हें कोरीव अंग होतें. त्यांतच मकरावर उभ्या असलेल्या स्त्रियांच्या कांहीं मूर्ति आहेत. त्यांची उंची सुमारें ४५ सेंटिमीटर, म्हणजे दीड फूट. आजच्या साध्या खुर्चीची बैठक जमिनीपासून जितकी उंच असते, जवळजवळ तितकीच ही उंची भरते. या स्त्रिया एखाद्या आसनाचे आधार असाव्यात या मतास हें माप पुष्टि देतें.

आतां कारागिराच्या बाजूनें पाहूं. हत्तीचा सुळा बुंध्याकडे पोकळ व टोंकाकडे भरीव असतो. भरीव भागाची जाडी ठरलेली; मूर्तीला तिच्या बाहेर कोपर काढतां येत नाहीं. म्हणून हात अंगालगत, दासी अंगालगत, सर्व आकृति एका लांबट ओंडक्यांत मावलेली. पण एवढ्यानें पाय होत नाहीं. उभ्या मनुष्याच्या देहांत सर्वांत बारीक जागा दोन: मान आणि घोटे. वरून भार आला तर मूर्ति तेथेंच मोडणार. पाँपेईच्या यक्षीच्या घोट्यांपाशीं तोड्यांची जी चळत आहे, आणि दोन बाजूंस ज्या दासी उभ्या आहेत, त्यांकडे या दृष्टीनें पाहिलें म्हणजे गंमत कळते. दागिन्यांनीं घोटे भरून काढले आहेत, आणि दासींनीं तळाची रुंदी वाढविली आहे. पाहणारा अलंकार पाहतो. सुतार मात्र तेथें जोर पाहतो.

ग्रीसच्या शिल्पकारानेंही हीच युक्ति केली होती, आणि तिला जगांत मोठी कीर्ति मिळाली. अथेन्सच्या टेकडीवर एरेक्थिऑन नांवाचें देऊळ इ. स. पूर्व ५ व्या शतकाच्या अखेरीस उभें राहिलें. त्याच्या एका ओसरीस खांब नाहींत. सहा कुमारिकांच्या पाषाणमूर्ति मस्तकावर छप्पर घेऊन उभ्या आहेत. प्रत्येकीची मान नाजूक दिसते, पण मानेमागें केशसंभार इतका दाट सोडलेला आहे, कीं भार खरोखर केंसच घेतात. ज्या पायावर तोल आहे त्या पायावरून वस्त्राच्या चुण्या खांबाच्या पन्हाळीसारख्या सरळ उतरतात. दुसरा गुडघा किंचित् वाकलेला. त्यामुळें भार आहे हें कळतें, पण भाराचा त्रास दिसत नाहीं. आज तेथें ज्या मूर्ति दिसतात त्या प्रतिकृति आहेत. मूळच्या पांच अथेन्सच्या संग्रहालयांत आणि एक लंडनला आहे.

मात्र या कुमारिकांविषयीं रोमन ग्रंथकार व्हिट्रुव्हिअस यानें जी कथा दिली आहे ती वाचून मन उदास होतें. कारिआई नांवाच्या गांवानें इराण्यांचा पक्ष घेतला; ग्रीकांनीं त्याचा सूड उगविला, पुरुष मारले, स्त्रियांस दासी केलें, आणि ती लज्जा चिरकाल टिकावी म्हणून त्यांच्या मूर्तींवर इमारतींचा भार घातला, असें तो सांगतो. एरेक्थिऑनच्या प्रसन्न मुलींस ही कथा शोभत नाहीं, आणि ती खरी मानावयास विद्वान् बहुधा तयार नसतात. तरी भार उचलणारा देह म्हणजे जिंकलेला देह ही कल्पना पश्चिमेकडे पुष्कळ काळ वावरली, एवढें त्यावरून दिसतें.

आपल्याकडे भार वाहण्याचा अर्थ निराळा लागला. पृथ्वी शेषानें मस्तकावर धरली, मंदराचल कूर्मानें पाठीवर घेतला. ही कोणाची शिक्षा नव्हे, थोरवी आहे. हीच भावना शिल्पांत उतरली. सांचीच्या पश्चिम तोरणावर तुळया पेलणारे चार-चार ढेरपोटे बटु आहेत. कन्नड तालुक्यांतील पितळखोरें लेण्यांत जो यक्ष मिळाला, तो दोन्ही हातांनीं मस्तकावर पात्र धरून उभा आहे आणि चक्क हंसतो आहे. तो आतां दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयांत आहे. त्याच्यावरील लेख सांगतो, कीं कण्हदास नांवाच्या सोनारानें तो घडविला. सोनारानें दगड घडवावा हें नवल वाटेल. पण सांचीच्या दक्षिण तोरणावरील एक काम विदिशेच्या दंतकारांनीं, म्हणजे हस्तिदंत कोरणारांनीं केल्याचें तेथेंच लिहिलेलें आहे. जो हात मूठभर हस्तिदंतावर बसला होता तोच पुढें दगडावर गेला. सामानाची कला आणि मूर्तीची कला यांच्यांत त्या काळीं भिंत नव्हती.

वऱ्हाडांतील हेमाडपंती देवळांत खांबाच्या माथ्यावर तुळई पेलणारे जे कीचक आढळतात ते याच वंशाचे. लोणारकडे यात्रेस जाणारी मंडळी गाभाऱ्याकडे दृष्टि लावून त्यांच्याखालून जातात. क्षणभर थांबून त्यांच्याकडे पाहण्यासारखें आहे. आंखूड पाय, रुंद छाती, गोल पोट. असा देह विनोदासाठींच केला आहे असें वाटतें, परंतु बुटका व जाड आधार उंच व बारीक आधारापेक्षां अधिक भार सोसतो हा साधा नियम त्यांत आहे. शिल्पशास्त्रानें देवांना नऊ-दहा ताल उंची दिली आणि गण-वामनांना चार-पांच तालांवर ठेवलें. भाराचें काम गणांकडे आलें तें उगीच नव्हे.

ताल व अंगुल यांचा उल्लेख आला म्हणून मापाविषयीं थोडें सविस्तर सांगणें अवश्य आहे. कारण मूर्ति व मंचक यांचें खरें नातें तेथें आहे. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’ंत, म्हणजे ६ व्या शतकांतील ग्रंथांत, एक प्रकरण प्रतिमांच्या लक्षणांचें आहे आणि एक शय्या व आसन यांच्या लक्षणांचें. प्रतिमेचें मुख तिच्या स्वतःच्या १२ अंगुलांचें, आणि पूर्ण उंची १०८ अंगुलें, म्हणजे मुखाच्या नऊपट. पलंगाचें मापही अंगुलांतच. फरक इतकाच, कीं प्रतिमेचें अंगुल त्या प्रतिमेपुरतें असतें आणि पलंगाचें अंगुल कामाचें: आठ यव, तुसें काढून, पोटाला पोट लावून ठेवले म्हणजे जेवढी लांबी होते तेवढें. राजाची शय्या १०० अंगुलें, राजपुत्राची ९०, मंत्र्याची ८४, सेनापतीची ७८ आणि पुरोहिताची ७२. अंगुल पाऊण इंचाचें धरलें तर राजाचा पलंग ६ फूट ३ इंच होतो. आज दुकानांत मिळणारी गादी बहुधा याच लांबीची असते. पुरोहिताच्या वांट्यास मात्र साडेचार फूट आले. त्या बिचाऱ्यास रात्रभर पाय पोटाशीं घेऊन निजावें लागत असणार; ग्रंथ लिहिणारा ज्योतिषी होता, पुरोहित नव्हता, हें यावरून दिसतें.

विनोद सोडून दिला तरी मुद्दा राहतो. ज्या बोटानें देवाची मूर्ति मोजली त्याच बोटानें निजण्याची जागा मोजली. आपल्या भाषेनेंही हें लक्षांत ठेवलें आहे. खुर्चीला हात आहेत, पाय आहेत, पाठ आहे. बाजेला उशागत आणि पायगत आहे. सामान म्हणजे देहाचाच एक रिकामा सांचा होय. देह त्यांत येऊन बसला म्हणजे तो भरतो. हें समजून जो सुतार काम करतो त्याच्या खुर्चीची बैठक बसणाराच्या गुडघ्याइतकीच उंच असते आणि पाठ किंचित् कललेली असते. ज्याला तें समजलें नाहीं तो खुर्चीच्या पायाला सिंहाचा पंजा काढतो, माथ्यावर गंधर्व बसवतो, आणि टेकणाऱ्याच्या पाठींत गंधर्वाचें नाक रुततें. मूर्तिकलेचा असा उपयोग न झालेलाच बरा.

हें नातें डोळ्यांनीं पाहावयाचें असेल तर अजिंठ्यास जावें. अजिंठ्याला वऱ्हाड परका मानण्याचें कारण नाहीं. तेथील १६ वें लेणें वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव यानें खोदविलें, आणि हरिषेणाच्या शाखेची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे वाशीम. वाशीम १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यांतच होतें. २६ व्या लेण्यांत डाव्या भिंतीवर बुद्धाचें महापरिनिर्वाण कोरलेलें आहे. सुमारें ७ मीटर लांबीची ती मूर्ति उजव्या कुशीवर पहुडलेली आहे. बहुतेक प्रवासी मुखाकडे पाहून परततात. त्यांनीं थोडें खालीं पाहावें. पलंगाचे पाय कातीव आहेत, जणूं एखाद्या कातारीनें सांध्यावर धरून आतांच उतरविलेले. उशीस मस्तकाच्या भारानें खोलगा पडला आहे. पलंगापुढें तिवईवर जलपात्र ठेवलेलें आहे. दगडांत कोरलेलें हें १५०० वर्षांपूर्वींचें घरगुती सामान आहे. त्या काळचें लांकूड एक काडीही उरलें नसतां त्याचा सांधा, त्याचें वळण व त्याचें माप येथें शिल्लक राहिलें. त्याच लेण्यांत स्तूपावरील बुद्ध पाय खालीं सोडून सिंहासनावर बसला आहे. मांडी घालून बसण्याच्या देशांत खुर्चीवर बसण्याची ही रीत किती जुनी आहे हें त्यावरून कळतें. खुर्ची साहेबांनीं आणली अशी ज्यांची समजूत आहे त्यांनीं ही मूर्ति अवश्य पाहावी.

शिल्पांतून सामान पुन्हा जिवंत करण्याचा एक प्रयत्न युरोपांत झाला आहे. ग्रीकांची ‘क्लिस्मॉस’ नांवाची खुर्ची प्रत्यक्ष एकही उरलेली नाहीं. परंतु अथेन्सच्या संग्रहालयांत हेगेसो नांवाच्या स्त्रीचा समाधिशिलापट आहे, तो इ. स. पूर्व ४०० च्या सुमाराचा. त्यांत ती अशा खुर्चीवर बसलेली आहे: पाय बाहेर वळलेले, पाठ खांद्यांभोंवतीं वांकलेली. अशा शिल्पांवरून व भांड्यांवरील चित्रांवरून माप घेऊन रॉब्सजॉन-गिबिंग्ज या कलावंतानें सारीडिस या अथेन्सच्या कारखान्याकडून १९६१ सालीं या खुर्च्या पुन्हा करविल्या. खुर्चीवर एकही मनुष्याकृति नाहीं, तरी मनुष्यदेहाचें वळण सबंध खुर्चींत आहे. अजिंठ्याचा पलंग, तिवई आणि सिंहासन हींही अशींच लांकडांत उतरविण्याजोगीं आहेत. मेळघाटचा साग परतवाड्याच्या वखारींत येतो. ‘बृहत्संहिते’नें पलंगासाठीं सांगितलेल्या लांकडांत शाक म्हणजे साग आहेच. हस्तिदंत मात्र आतां विसरावा. भारतीय हस्तिदंताच्या व्यापारास १९८६ च्या कायद्यानें बंदी झाली, आणि तें योग्यच झालें.

उलट बाजूचें एक उदाहरणही सांगितलें पाहिजे. १९६९ सालीं गाएतानो पेशे या इटालियन कलावंतानें एक आरामखुर्ची केली. प्राचीन काळच्या मातृदेवतांच्या स्थूल मूर्तींवरून तिचा आकार घेतलेला आहे. बसणारा जणूं आईच्या मांडीवर बसतो. पण त्या खुर्चीला दोरीनें एक मोठा गोळा बांधलेला आहे, पाय ठेवण्यासाठीं. कैद्याच्या पायांतील बेडीचा तो गोळा होय. स्त्रीला जगानें असें जखडून ठेवलें आहे, हें दाखविण्याचा त्याचा हेतु होता. त्याच वर्षीं ॲलन जोन्स या इंग्रज कलावंतानें स्त्रीदेहाच्या प्रतिकृतींची खुर्ची, टेबल व टोप्या अडकविण्याचा खांब केला. त्यावर स्त्रियांनीं तीव्र निषेध केला, आणि त्यांतील खुर्चीवर १९८६ सालीं लंडनच्या संग्रहालयांत आम्ल टाकण्यांत आलें. या दोघांत पेशे अधिक खोल दिसतो. त्यानें भार वाहणारा देह घेतला आणि तो भार कोणी लादला हेंही सांगितलें. जोन्सच्या स्त्रिया नुसतें सामान झाल्या आहेत. यक्षी, कीचक आणि एरेक्थिऑनच्या मुली यांच्या मुखावर जें स्वास्थ्य आहे त्याचा तेथें मागमूसही नाहीं.

आतां घरच्या गोष्टीकडे. कारंजा, अचलपूर, बाळापूर, अमरावतीचा जुना भाग येथील वाड्यांत खांबांच्या माथ्यावर, तुळईखालीं, देव्हाऱ्यांवर, झोपाळ्याच्या कड्यांवर कोरीव पोपट, मोर, गंधर्व, क्वचित् भार घेतलेली मनुष्याकृति अजून दिसते. हातांत दिवा धरलेली पितळी दीपलक्ष्मी किंवा स्त्रीपुरुषांच्या आकृतीचा अडकित्ता पुष्कळ घरांत आहे. वाडा पडतो, भावांच्या वांटण्या होतात, आणि हें सर्व लांकूड वजनावर किंवा एखाद्या दलालास किरकोळ किंमतीस जातें. पुढें तें कोणत्या गांवचें, कोणत्या दालनांतलें, हें सांगणारा कोणी उरत नाहीं. पाँपेईच्या यक्षीवरून इतका वाद झाला, त्याचें कारण नेमकें हेंच: ती घरांत सांपडली, पण ती कोठून निघाली हें लिहून ठेवणारें कोणी नव्हतें. भोकरदनच्या मूर्तीची साक्ष वजनदार ठरते ती तिच्या सौंदर्यामुळें नव्हे. ती कोणत्या गांवीं, कोणत्या मातींतून निघाली याची नोंद झाली म्हणून. काबूलच्या संग्रहालयांतील बेग्रामच्या वस्तु यादवीच्या काळांत लुटल्या गेल्या. त्यांपैकीं कांहीं २०१२ सालीं परत आल्या, त्या ओळखतां आल्या याचें कारण जुनीं छायाचित्रें व वर्णनें छापलेलीं होतीं.

तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनीं आपल्या गांवच्या मातींत मिळणाऱ्या वस्तु जपून गोळा केल्या, आणि आज तेथें त्यांच्या नांवाचें शासकीय संग्रहालय उभें आहे. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर यांनीं दिवे, अडकित्ते, दारें, पेट्या अशा घरगुती वस्तूंचा जन्मभर संग्रह केला व तो शासनाच्या स्वाधीन केला. इतकें प्रत्येकास साधणार नाहीं. परंतु वाडा उतरविण्यापूर्वीं कोरीव तुकड्याचें समोरून व बाजूनें असें छायाचित्र घ्यावें, शेजारीं एक फूटपट्टी ठेवावी, आणि गांव, वाडा, दालन, लांकूड कोणतें, कोरणाऱ्याचें नांव वडीलधाऱ्यांस आठवत असल्यास तें, एवढें मागें शाईनें लिहावें. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तु शासनाच्या परवानगीवांचून देशाबाहेर नेतां येत नाहीं, हें १९७२ चा कायदा सांगतो. दलाल तें सांगत नाहीं. तुकडा विकणें अटळच असेल तर त्या नोंदीची एक प्रत घरांत ठेवावी आणि एक जवळच्या संग्रहालयाकडे पाठवावी.